ताटातले पोटॅशियम आणि नळीच्या टोकावरचा हिशेब

एक साधे दुपारचे जेवण घ्या. ३० ग्रॅम तूरडाळीचे वरण, १०० ग्रॅम बटाट्याची भाजी, तेवढाच पालक आणि शेवटी एक केळे. यात मिळून साधारण १,६०० ते १,७०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, म्हणजे रसायनशास्त्राच्या मापात ४२ मिलिमोलच्या आसपास. आता ७० किलो वजनाच्या माणसाकडे पाहा. त्याच्या शरीरात पेशींच्या बाहेर, म्हणजे रक्तद्रवात आणि पेशींभोवतीच्या पाण्यात, दर लिटरला चार या प्रमाणात जेमतेम ५५ ते ६० मिलिमोल पोटॅशियम असते. जेवणातले सगळे पोटॅशियम शोषले जाऊन तिथेच साचले, तर काही तासांत चाराचे सात होतील. सातावर हृदयाची लय बिघडू लागते. निव्वळ बेरीज खरी मानली तर वरण-भाजी-केळ्याचे हे ताट जीवघेणे ठरायला हवे. प्रत्यक्षात रोज कोट्यवधी लोक असेच जेवतात आणि हात धुऊन कामाला लागतात. पोटॅशियमचे सगळे शरीरशास्त्र हे या न घडणाऱ्या अपघाताचे शास्त्र आहे.

जेवणानंतरच्या पहिल्या काही तासांत बचाव करतात त्या पेशी. शरीरातले ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आतच असते, आणि ते तिथे ठेवण्याचे काम प्रत्येक पेशीच्या पडद्यावरचा सोडियम-पोटॅशियम पंप करतो. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना तो ओळखला, आणि त्यासाठी १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. जेवणाने वाढलेले इन्सुलिन या पंपाला वेग देते आणि रक्तातले जादा पोटॅशियम स्नायूंत व यकृतात लोटले जाते. पण ही फक्त तात्पुरती साठवण आहे. जेवढे आत आले तेवढे शेवटी बाहेर गेलेच पाहिजे, आणि त्यातले सुमारे नव्वद टक्के मूत्रपिंडातून जाते. या लेखातला युक्तिवाद या दुसऱ्या टप्प्याविषयी आहे. पोटॅशियम वाढले की आपल्याकडे पहिले बोट ताटाकडे जाते. शहाळे बंद, केळे बंद, टोमॅटो बंद. गेल्या पाऊणशे वर्षांतला पुरावा मात्र वेगळ्या जागेकडे बोट दाखवतो. मूत्रपिंडातल्या सूक्ष्मनलिकेचा शेवटचा छोटा भाग धड असेल तर ताटातल्या पोटॅशियमला तो जवळजवळ पुरा पडतो. तो लंगडा झाला असेल तर साधे जेवणही जड जाते. म्हणून आधी त्या टोकाची अवस्था तपासावी लागते, ताटाची झडती त्यानंतर.

हे टोक सापडायलाच बरीच वर्षे गेली. मूत्रपिंड रक्त गाळते आणि गाळलेल्यातले हवे ते परत शोषते, हे चित्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पक्के झाले होते. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, म्हणजे ७०० मिलिमोलहून अधिक पोटॅशियम गाळणीतून उतरते, आणि मूत्रात जाते त्यातले फार तर ऐंशी-नव्वद. तेव्हा उरलेले परत शोषले जात असणार आणि शोषण कमी-जास्त करूनच मूत्रपिंड हिशेब जुळवत असणार, हा तर्क सरळ होता. १९५० च्या सुमारास रॉबर्ट बर्लिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांनी तो मोडला. पोटॅशियमचा मोठा भार दिल्यावर मूत्रातले पोटॅशियम गाळणीतून उतरलेल्या पोटॅशियमपेक्षाही जास्त भरत होते. जेवढे उतरले त्याहून जास्त बाहेर पडते, याचा अर्थ नळीच्या भिंतीच ते रक्तातून घेऊन मूत्रात सोडतात. १९६४ मध्ये मालनिक, क्लोजे आणि गीबिश या तिघांनी उंदरांच्या मूत्रपिंडातल्या एकेका नळीला काचेच्या अतिसूक्ष्म सुईने टोचून, वेगवेगळ्या टप्प्यांवरचा द्रव काढून तपासला. नळीचा सुरुवातीचा भाग आणि मधला वळसा गाळलेल्यापैकी सुमारे नव्वद टक्के पोटॅशियम परत घेतात, मग प्राण्याला पोटॅशियम भरपूर दिलेले असो की तोडलेले. आहारामुळे पडणारा सगळा फरक त्यानंतरच्या भागात पडत होता. म्हणजे सकाळी गाळलेल्या आणि संध्याकाळी मूत्रात गेलेल्या पोटॅशियमचा तसा फारसा संबंध नाही. मूत्रातले बहुतेक पोटॅशियम नव्याने, शेवटच्या काही मिलिमीटरांत घातलेले असते. ज्ञानाच्या इतिहासात एखाद्या अवयवाचे चित्र असे उलटे होण्याचे प्रसंग थोडेच. या एकाची दखल मात्र विशेषज्ञांच्या पलीकडे फारशी गेली नाही.

त्या शेवटच्या मिलिमीटरांत काय चालते हे आज रेणूंच्या पातळीवर माहीत आहे. तिथल्या मुख्य पेशींच्या मूत्राकडच्या पडद्यावर सोडियमला आत घेणारी एक वाहिनी असते. सोडियम आत शिरले की नळीच्या पोकळीत ऋणभार उरतो, आणि तो ऋणभार पेशीतले पोटॅशियम बाहेर ओढतो. पोटॅशियमला जाण्यासाठी दोन दरवाजे आहेत. एक नेहमीचा, रॉम्क नावाचा, ज्याचे जनुक १९९३ मध्ये हाती लागले. दुसरा मोठा, जो नळीतला प्रवाह वाढला की उघडतो. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडियमची वाहिनी आणि पंप दोन्ही वाढवते. म्हणजे पोटॅशियम बाहेर पडायला तीन गोष्टी लागतात: नळीच्या टोकापर्यंत पोचलेले सोडियम, पुरेसा प्रवाह आणि अल्डोस्टेरॉन. या तिघांची आठवण ठेवली तर पुढचे सगळे औषधशास्त्र आपोआप उलगडते. आणि तिघांत जेवणाचा थेट उल्लेख कुठेच नाही, हेही लक्षात घ्यावे.

इथे एक जुने कोडे उभे राहते. जुलाब-उलट्यांनी शरीर सुकले की अल्डोस्टेरॉन वाढते, आणि पोटॅशियम वाढले तरीही अल्डोस्टेरॉनच वाढते. पहिल्या प्रसंगी शरीराला सोडियम राखायचे असते आणि पोटॅशियम गमवायचे नसते. दुसऱ्या प्रसंगी पोटॅशियम टाकायचे असते आणि सोडियम साठवायचे नसते. एकाच संप्रेरकाने दोन उलट कामे कशी व्हावीत? उत्तर मिळाले ते शेवटच्या टोकाच्या जरा अलीकडे, जिथे सोडियम आणि क्लोराइड जोडीने शोषणारा एक वाहक प्रथिन बसलेला असतो. थायाझाइड नावाच्या रक्तदाबाच्या गोळ्या याच वाहकाला बंद करतात. शरीर सुकलेले असताना अँजिओटेन्सिन हे दुसरे संप्रेरक हा वाहक जोरात चालवते. त्यामुळे सोडियम आधीच उचलले जाते, टोकाला पोचतच नाही, आणि अल्डोस्टेरॉन भरपूर असूनही पोटॅशियम बाहेर ओढायला काही उरत नाही. पोटॅशियमयुक्त जेवण झाले की उलटे घडते. या भागातल्या पेशी रक्ताकडच्या बाजूने पोटॅशियमची पातळी जणू चाखत असतात. ते किंचित वाढले की पेशीच्या पडद्यावरचा विद्युतदाब बदलतो, आत क्लोराइड साचते, आणि त्या क्लोराइडमुळे वाहकाला चालू ठेवणारी विंक नावाची विकरे गप्प होतात. उंदरांत तोंडावाटे पोटॅशियम दिल्यावर हा वाहक काही मिनिटांतच बंद पडू लागतो, हे २०१३ मध्ये दाखवले गेले. मग सोडियम पुढे सरकते, टोकाला पोचते, आणि तिथे त्याच्या बदल्यात पोटॅशियम बाहेर पडते.

उंदरांतली गोष्ट माणसाला लागू कशावरून, ही शंका रास्तच आहे, आणि तिचे उत्तर निसर्गानेच देऊन ठेवले आहे. गॉर्डन सिंड्रोम नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात मूत्रपिंडाची गाळणी उत्तम असूनही रक्तात पोटॅशियम वाढते आणि रक्तदाबही चढतो. २००१ मध्ये लिफ्टन यांच्या गटाने त्याचे मूळ विंक विकरांच्या जनुकांतल्या दोषात शोधले. हा वाहक बंदच होत नाही, म्हणून सोडियम साठते आणि पोटॅशियम अडते. थायाझाइडची साधी गोळी या दोन्ही गोष्टी सुधारते. याच्या नेमके उलट गिटलमन सिंड्रोममध्ये होते. तिथे वाहकच निकामी असतो, रक्तदाब खाली राहतो आणि पोटॅशियम वाहून जाते. माणसातला हा जनुकीय पुरावा आणि उंदरांतला प्रयोग एकाच जागी येऊन भिडतात. त्यातून एक निष्कर्ष निघतो जो आहारशास्त्रात फारसा बोलला जात नाही: पोटॅशियमने भरलेले जेवण सोडियम बाहेर टाकण्याच्या बाबतीत सौम्य थायाझाइडसारखे वागते. भाजीपाला-फळांचा आहार रक्तदाब उतरवतो यामागे एक ठोस यंत्रणा आहे, आणि ती याच वळणावर बसलेली आहे.

उत्तम मूत्रपिंड किती पोटॅशियम पेलू शकते याचा अंदाज फार पूर्वीच आला होता. १९४७ मध्ये थॅचर आणि रॅडिक यांनी दाखवले, की उंदरांना काही दिवस वाढत्या मात्रेने पोटॅशियम दिले तर नंतर ते अशी मात्राही पचवतात जी सवय नसलेल्या उंदराला मारून टाकते. ही सवय म्हणजे शेवटच्या पेशींची अक्षरशः बांधणी वाढणे होते. दरवाजे वाढतात, पंप वाढतात, पडद्याला अधिक घड्या पडतात. माणसांवरचा सर्वात स्पष्ट प्रयोग १९९० मध्ये रॅबेलिंक आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये केला. निरोगी स्वयंसेवकांना तब्बल २० दिवस रोज ४०० मिलिमोल पोटॅशियम देण्यात आले, म्हणजे वरच्या ताटासारखी साडेनऊ ताटे. काही दिवसांतच जेवढे आत तेवढे बाहेर हा मेळ बसला आणि रक्तातली पातळी सामान्य मर्यादेतच राहिली. हा प्रयोग मोजक्या तरुण, धडधाकट माणसांवर झाला, त्यावरून सगळ्या जगाविषयी बोलू नये, असे कोणी म्हणेल तर ते बरोबर आहे. त्यातून सिद्ध होते ते इतकेच की या अवयवाची कमाल क्षमता रोजच्या गरजेच्या कित्येक पट आहे. आपल्या प्रश्नाला तेवढे पुरते.

शिवाय मूत्रपिंड रक्तातली पातळी वाढण्याची वाट पाहत बसत नाही. मेंढ्यांवरच्या प्रयोगांपासून माणसांपर्यंत दिसले आहे की पोटॅशियम पोटात पडल्यावर, रक्तातला आकडा हलण्याआधीच मूत्रातून ते जास्त जाऊ लागते. आतड्यातून कुठला तरी संदेश जातो. त्याच्या रेणूवर अजून वाद चालू आहे. दिवस-रात्रीची लयही इथे आहे, सारखेच जेवण चोवीस तासांत वाटून दिले तरी दुपारी जास्त आणि रात्री कमी. ज्यांना मूत्रपिंड म्हणजे निमूट चाळणी वाटते त्यांनी या दोन गोष्टींवर थोडे थांबावे.

आता जरा मागे जाऊन पाहिले तर या यंत्राच्या घडणीतच एक कल दिसतो. सोडियम आहारातून काढून घेतले तर मूत्रपिंड मूत्रातले सोडियम दिवसाला एक मिलिमोलपर्यंत, म्हणजे जवळजवळ शून्यावर आणते. पोटॅशियम काढून घेतले तर मात्र रोज दहा-पंधरा मिलिमोल गळतेच, ती गळती पूर्ण थांबत नाही. ज्या वस्तूचा तुटवडा असतो तिची राखण कडक होते. जी मुबलक मिळते तिला बाहेर घालवण्याची सोय मोठी असते. मूत्रपिंड मुबलक पोटॅशियम आणि दुर्मीळ मिठाच्या जगासाठी घडले, हे या विषमतेवरून वाचता येते. ब्राझील-व्हेनेझुएलाच्या सीमेवरच्या यानोमामी लोकांच्या १९७५ मधल्या प्रसिद्ध पाहणीत हे जिवंत दिसले. मीठ माहीत नसलेल्या, शिजवलेल्या केळ्यांवर जगणाऱ्या या लोकांच्या चोवीस तासांच्या मूत्रात सोडियम सुमारे १ मिलिमोल आणि पोटॅशियम १५० च्या घरात होते. रक्तदाब वयासोबत चढत नव्हता. इथे चाणाक्ष वाचक अडवेल: पोटॅशियम टाकायला टोकापर्यंत सोडियम पोचावे लागते असे आत्ताच म्हटले, मग सोडियमच न खाणाऱ्यांनी १५० मिलिमोल बाहेर कसे टाकले? उत्तर असे की नळीच्या टोकाला पोचणारे सोडियम जेवणातून थेट येत नाही. गाळणीतून रोज पंचवीस हजार मिलिमोल सोडियम उतरते, आणि त्याचा थोडासा अंश पुढे आला तरी कित्येक शेकडा मिलिमोल होतात. यानोमामींचे अल्डोस्टेरॉन फार उंच होते. टोकाला आलेले सोडियम पूर्ण परत घ्यायचे आणि त्याच अदलाबदलीत पोटॅशियम सोडायचे, ही दोन्ही कामे त्यांच्यात एकाच हालचालीत होत होती. यानोमामींचा रक्तदाब कमी असण्यामागे मेहनत, सडपातळपणा अशी इतर कारणेही असतील, त्यावरून आहाराची महती गाऊ नये, ही हरकत मला मान्य आहे. पण मूत्रपिंडाच्या क्षमतेविषयीचा पुरावा म्हणून तो आकडा निर्विवाद आहे. आजचे ताट मात्र उलटे झाले आहे, मीठ भरपूर आणि पोटॅशियम तुटपुंजे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान ३,५१० मिलिग्रॅम पोटॅशियम घ्यायला सांगते, आणि आपल्याकडची राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारसही ३,५०० मिलिग्रॅमची आहे. या शिफारशींचा रोख अधिक खाण्याकडे आहे, हे पोटॅशियमला घाबरणाऱ्यांनी नीट वाचावे.

सर्वात जड हरकत अर्थातच आजारी मूत्रपिंडाची. क्रिॲटिनिन वाढलेल्या माणसाचे पोटॅशियम चढते, आणि त्याने माणसे दगावतात. ते खोटे नाही. पण तिथेही प्रक्रिया काय आहे ते पाहायला हवे. निम्मे-अधिक नेफ्रॉन (सूक्ष्म गाळणी आणि तिची नळी मिळून एक नेफ्रॉन) गेले तरी उरलेला प्रत्येक नेफ्रॉन आपल्या वाटणीच्या कित्येक पट पोटॅशियम बाहेर टाकायला शिकतो. उंदरांतली जी सवय वर सांगितली तीच इथे चालू असते. मोठे आतडेही आपला वाटा वाढवते. त्यामुळे अल्डोस्टेरॉन आणि मूत्राचा प्रवाह ठीक असेल तर गाळणीचा वेग मिनिटाला १५-२० मिलिलिटरच्या खाली जाईपर्यंत पोटॅशियम बहुधा आवाक्यात राहते. २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी एक धाडसी चाचणी प्रसिद्ध केली. गाळणीचा वेग सरासरी ३१ वर आलेल्या १९१ रुग्णांना दोन आठवडे रोज ४० मिलिमोल पोटॅशियम क्लोराइड दिले. रक्तातली पातळी सरासरी ४.३ वरून ४.७ झाली. ११ टक्के रुग्णांत ती धोक्याच्या रेषेवर गेली, आणि ते वयाने मोठे व सुरुवातीलाच पोटॅशियम जास्त असलेले होते. या निकालात दोन्ही पक्षांना आपापले दिसेल. माझे वाचन असे: आजारी मूत्रपिंडही अजून काम करत असते, पण राखीव शक्ती संपत आलेल्यांना वेगळे ओळखावे लागते. दहातल्या एकासाठी दहाही जणांचे फळ तोडणे हा आळशी उपाय आहे. त्या एकाला न ओळखणे हा निष्काळजीपणा.

त्याला ओळखायचे तर औषधांची चिठ्ठी आधी वाचायला हवी. रक्तदाब आणि हृदयविकारासाठी दिली जाणारी रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी औषधे अँजिओटेन्सिन अडवून अल्डोस्टेरॉन घटवतात. स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनचा परिणामच बंद करते. कोट्रायमॉक्साझोल हे साधे प्रतिजैविक सोडियमची वाहिनी बंद करते. सांधेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या प्रवाह आणि संप्रेरक दोन्ही मंदावतात. दीर्घकाळच्या मधुमेहात अल्डोस्टेरॉन आधीच कमी असू शकते आणि इन्सुलिनही. ही औषधे वाईट नाहीत. त्यांनी मूत्रपिंडे आणि हृदये वाचवली आहेत. पण कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताचे उदाहरण बोलके आहे. १९९९ मध्ये हृदय निकामी झालेल्यांना स्पायरोनोलॅक्टोनचा फायदा दाखवणारा अभ्यास आला आणि ते औषध सर्रास लिहिले जाऊ लागले. पोटॅशियम वाढल्याने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण १९९४ मध्ये हजार रुग्णांमागे २.४ होते, ते २००१ मध्ये ११ झाले. या सात वर्षांत ऑन्टारिओच्या लोकांनी केळी जास्त खायला सुरुवात केली नव्हती. बदलले होते ते नळीचे टोक.

दुसरी हरकत शहाळ्याची. २०१४ मध्ये अमेरिकेत एका तंदुरुस्त माणसाची हकिगत प्रसिद्ध झाली: कडक उन्हात टेनिस खेळून त्याने दिवसभरात शहाळ्याचे पाणी बाटल्यांमागून बाटल्या, अडीच लिटरांच्या वर प्याले, आणि पोटॅशियम वाढून हृदयाची गती मंदावली. मग धडधाकट मूत्रपिंडही कोलमडते का? तपशील पाहा. शरीर पाण्याअभावी सुकलेले, स्नायूंच्या पेशी फुटून त्यांच्यातले पोटॅशियम रक्तात आलेले, मूत्रपिंडाचे काम तात्पुरते बंद पडलेले. वर सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी प्रवाह आणि टोकाचे सोडियम दोन्ही गायब. शहाळ्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते आणि सोडियम अगदी कमी, म्हणून घाम गाळून आलेल्याला ते लिटरवारी पाजणे चुकीचेच. पण सावलीत बसून एक शहाळे पिणाऱ्यासाठी ही गोष्ट इशारा ठरत नाही. आपल्या उपवासाच्या ताटाची तऱ्हा आणखी मजेशीर आहे. साबुदाण्यात पोटॅशियम नावालाच, पण बटाटा, रताळे, शेंगदाणे, राजगिरा, खजूर आणि केळे एकत्र आले की पोटॅशियमचा डोंगर होतो. (उपवासाला चालणारे सैंधव हे बहुतांशी सोडियम क्लोराइडच असते, त्यामुळे ते वापरून मीठ टाळल्याचे समाधान मानण्यात अर्थ नाही.) डायलिसिसवरच्या रुग्णांसाठी हे ताट अवघड आहेच. पण त्यांच्यासाठी निर्जळी उपासही तितकाच अवघड. काहीच न खाल्ल्याने इन्सुलिन उतरते, पेशींतले पोटॅशियम बाहेर झिरपते आणि बाहेर टाकायला मूत्रपिंड नसते. एक घासही न खाता पोटॅशियम वाढते, हे ज्याला पटले त्याला बाकीचा युक्तिवाद फार समजावावा लागत नाही.

सार्वजनिक आरोग्यासाठी हा प्रश्न सध्या मिठाच्या पुडीतून येतो. साध्या मिठातले काही सोडियम काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले मीठ दुकानांत मिळते. त्याची सर्वात मोठी कसोटी चीनमध्ये झाली. ६०० खेड्यांतल्या, पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा साठीपुढच्या रक्तदाबाच्या सुमारे २१ हजार लोकांपैकी निम्म्यांना चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ देण्यात आले. २०२१ मध्ये निकाल आला: जवळपास पाच वर्षांत पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. पोटॅशियम वाढल्याच्या गंभीर घटना दोन्ही गटांत सारख्याच. तेलंगणातल्या खेड्यांत ५०२ जणांवरच्या छोट्या चाचणीतही तीन महिन्यांत वरचा रक्तदाब सुमारे ४.६ अंकांनी उतरला. हरकत अशी, की चिनी अभ्यासात गंभीर मूत्रपिंडविकार असलेले आधीच वगळले होते आणि सगळ्यांचे रक्त नियमित तपासले नव्हते. ही हरकत खरी आहे आणि ती भारतात जास्त जड आहे, कारण आपल्याकडे मधुमेह मोठा आणि मूत्रपिंडविकार बहुधा उशिरा कळतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये हे मीठ सुचवताना मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना, गर्भवतींना आणि लहान मुलांना त्यातून वगळले. माझ्या मते शिफारस योग्य आहे. फक्त पुडीवर बारीक अक्षरांत इशारा छापून भागणार नाही. ज्यांची क्रिॲटिनिन तपासणी झालेली नाही अशा मधुमेही माणसाच्या घरात हे मीठ मुकाट शिरू नये, याची सोय दुकानात नव्हे, प्राथमिक आरोग्य केंद्रात करावी लागेल.

ज्यांच्या नळीचे टोक खरोखर थकले आहे त्यांच्यासाठी आहाराकडे बघावेच लागते, पण तेही डोळसपणे. फळभाजीतले पोटॅशियम तंतूंसोबत येते, ते पूर्ण शोषले जात नाही, त्यासोबतचे पिष्ट इन्सुलिन जागवते आणि अल्कधर्मी क्षार पेशींकडे पोटॅशियम वळवायला मदत करतात. प्रक्रिया केलेल्या पदार्थांत आणि पर्यायी मिठात घातलेले पोटॅशियम मात्र जवळजवळ पूर्ण शोषले जाते. मिलिग्रॅम तेच, पण ओझे वेगळे. घरोघरी सांगितला जाणारा ‘बटाटा रात्रभर पाण्यात भिजवा’ हा सल्लाही तपासून पाहिला गेला आहे. २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात नुसते भिजवून फारसा फरक पडला नाही. चौकोनी तुकडे करून उकळल्यावर सुमारे निम्मे पोटॅशियम गेले आणि किसून उकळल्यावर पाऊण. म्हणजे पाणी उकळायला हवे आणि ते फेकायला हवे. अलीकडे आतड्यातच पोटॅशियम पकडून ठेवणारी पॅटिरोमर आणि सोडियम झिर्कोनियम सायक्लोसिलिकेट ही औषधे आली आहेत, पहिल्याला अमेरिकेत २०१५ मध्ये आणि दुसऱ्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. मूत्रपिंड लंगडे झाल्यावर मोठे आतडे जे काम मूकपणे अंगावर घेते, तेच काम ती अधिक जोराने करतात. त्यांच्या आधाराने पोटॅशियम चढले की रामिप्रिलच काढून टाकायचे, ही जुनी घाई टाळता येते. महाग असल्याने ती सध्या मोजक्यांच्याच हाती पडतात. बाकीच्यांसाठी फळांची यादी छाटण्याआधी गोळ्यांची यादी काढून पाहणे हा बिनखर्चाचा मार्ग आहे, आणि तो बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत सर्वात आधी वगळला जातो.